शून्य लाभार्थी

"सगळ्यांनी आधार कार्डं आणलीत ना?" खानोलकरांनी विचारलं, आणि समाजमंदिरातल्या सगळ्या बायकांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

मी पंख्याकडे पाहिलं. तो फिरत होता, पण वारा कुठे जात होता कोण जाणे. सोलापूरचा फेब्रुवारी तसा उन्हाळ्यातच जमा असतो.

खानोलकर अनुदान देणाऱ्या दिल्लीच्या सरकारी विभागातर्फे पुण्याहून आले होते. आमच्या महाविद्यालयाला सायबर सुरक्षा आणि खासगीपणा या विषयातल्या संशोधनासाठी आणि शिक्षणासाठी सरकारी अनुदान मिळालं होतं. त्याचं पहिलं वर्ष संपत आलं होतं, आणि दुसरा हप्ता सोडायचा की नाही हे खानोलकरांच्या पाहणीवर ठरणार होतं. निवृत्तीला टेकलेला माणूस. कमरेला पट्टा, बसताना आधी खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार टाकायचा आणि मग हळूच खाली यायचा. आल्या आल्या त्यांनी मला सांगितलं होतं, "मॅडम, मी चुका काढायला येत नाही. चौकटी भरायला येतो."

"कार्ड कशाला पायजे, साहेब?" अंबुबाई येमूलने विचारलं. अंबुबाई म्हणजे वस्तीतल्या विडी कामगार बायकांची न निवडलेली पुढारी. तिच्या मांडीवर सूप होतं आणि सुपात तेंदूचा पाला. बोलताना तिचे हात थांबत नसत.

"लाभार्थी म्हणून नोंद करायचीय. म्हणजे तुम्ही खरोखर प्रशिक्षण घेतलं, याचा पुरावा. सोपं आहे. मी तुमचा आधार नंबर या ॲपमध्ये टाकणार. तुमच्या मोबाईलवर ओटीपी येईल, तो मला सांगायचा. मग एक फोटो. झालं."

ओटीपी हा शब्द ऐकला आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या तबस्सुमने डोळे मिटले.

तबस्सुम बागवान या प्रकल्पाची संशोधन सहायक. वर्षभर आठवड्यातून दोनदा ती इथे येऊन या बायकांना शिकवत होती. फोनवर कुणीही, कितीही गोड बोलला, कुठल्याही कचेरीचं नाव सांगितलं, तरी आधार नंबर द्यायचा नाही, ओटीपी तर देवालाही सांगायचा नाही. फक्त फोनवर नव्हे, दारात आलेल्यालाही नाही. आधी विचारायचं, कोण आहात, कशाला हवंय, याच्याशिवाय चालणार नाही का. बायकांनी हे सवाल इतक्या वेळा म्हटले होते की त्यांना चाल लागली होती.

नोंदणीची ही नवी अट मला आदल्या दिवशी दुपारी कळली होती. मी तबस्सुमला म्हटलं, बायकांना कार्ड आणायला सांग. ती म्हणाली, "मॅडम, मी कोणत्या तोंडाने सांगू?" मी तिला आग्रह केला नाही. तसंही सांगायची गरज नव्हती. या बायकांच्या कमरेच्या पिशवीत कार्ड कायम असतं. रेशनला, पीएफला, दवाखान्याला, पोराच्या शाळेला, सगळीकडे ते लागतं. आयुष्यात कुणी मागितलं आणि त्यांनी दिलं नाही, असं घडलंच नव्हतं.

"कोण आहात तुम्ही?"

आवाज मागून आला. नरसम्मा दासरी भिंतीला टेकून बसली होती. ती बोलली याचंच मला नवल वाटलं. वर्षभरात ती वर्गात चार शब्दही बोलली नव्हती.

"मी खानोलकर. हे माझं ओळखपत्र." त्यांनी गळ्यातलं पत्र पुढे केलं.

अंबुबाईने उठून ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "असलं तर झेरॉक्सच्या दुकानात पण करून मिळतंय की."

काही बायका हसल्या. खानोलकरही हसले. "बरोबर आहे. मग काय करू?"

"ऑफिसचा नंबर असंल की," नरसम्मा म्हणाली. "तुम्ही दिलेला नको. आमचा आम्ही बघून लावतो."

तबस्सुमने शिकवल्याप्रमाणे एका मुलीने फोनवर विभागाचं संकेतस्थळ उघडलं, त्यावरचा नंबर काढला आणि स्पीकर लावला. सगळ्यांनी ऐकलं. बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग हिंदीत एक बाई सांगू लागली की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग फोन बंद झाला.

"उचलत नाहीत," ती मुलगी म्हणाली.

"उचलत नाहीत," खानोलकरांनीही कबूल केलं. "माझाही उचलत नाहीत."

नरसम्मा उभी राहिली. लुगड्याला चिकटलेली तंबाखू तिने झटकली. "साहेब, राग मानू नका. नंबर नाही देत. ओटीपी तर नाहीच."

आणि मग ते एकीकडून दुसरीकडे पसरत गेलं. कुणी मान हलवली, कुणी पदर ओढून घेतला, कुणी नुसतीच पाल्याकडे पाहत राहिली. एकीनेही पिशवीत हात घातला नाही.

माझी अपेक्षा होती की खानोलकर चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी मोबाईल मांडीवर उलटा ठेवला आणि बायकांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. वीजबिल थकलंय म्हणून मेसेज आला तर काय कराल? नातवाचा अपघात झालाय, पैसे पाठवा, असा फोन आला तर? बायका एकमेकींच्या तोंडातून शब्द काढून घेत उत्तरं देत होत्या. अंबुबाईने तर, पोलिसाचा गणवेश घातलेला माणूस व्हिडिओवर दिसला तर त्याच्याशी कसं बोलायचं, ते उभं राहून करून दाखवलं.

शेवटी ते माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, या योजनेत मी बरीच केंद्रं पाहिली. इतकं पक्कं शिकवलेलं कुठंच नाही पाहिलं." मग मोबाईल सरळ करून मला दाखवला. पडद्यावर आमच्या केंद्राचं नाव होतं आणि त्याखाली लाल चौकटीत आकडा: शून्य लाभार्थी.

नरसम्माबद्दल सांगायला हवं. आमचं काम सुरू होण्याच्या आधीच्या वर्षी तिला एक फोन आला होता. पीएफच्या कचेरीतून बोलतोय, असं तो माणूस म्हणाला. तेलुगूत बोलला, तिला अक्का म्हणाला, गुडघेदुखीची चौकशी केली. बोलता बोलता तिने त्याला हवं ते सगळं सांगितलं. जन्मभर विड्या वळून साठलेले, धाकटीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे त्या एका फोनमध्ये गेले. त्यानंतर तिने फोन बंद करून ज्वारीच्या डब्यात टाकला. अनुदान मिळण्याआधीच तबस्सुमने पीएचडीच्या मुलाखतीसाठी तिला गाठलं, तेव्हा ती म्हणाली होती, "पैसे गेले त्याचं सोड. मला अक्का म्हणला गं तो." आमच्या संशोधनाचा विषय हाच होता. ज्या घरांत एकच फोन सगळ्यांच्या हातांतून फिरतो, तिथे माणसं कशी फसतात आणि आपलं म्हणून काय जपतात. ही मुलाखत ऐकून मी अर्ज नव्याने लिहून काढला होता. आधी कितीतरी वेळा तो परत आला होता. त्या खेपेला मंजूर झाला.

दुपारी आम्ही महाविद्यालयात परतलो. खानोलकर अतिथीगृहात आडवे झाले. संध्याकाळच्या गाडीने ते परत जाणार होते आणि त्याआधी त्यांना ॲपमधला अहवाल बंद करायचा होता. प्राचार्य हत्तुरे सरांनी मला बोलावून घेतलं.

"माळगे मॅडम, हे काय ऐकतोय मी?"

मी सांगितलं.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वाईट माणूस नव्हता तो. त्या अनुदानासाठी माझ्याबरोबर दिल्लीला आला होता, तिथल्या थंडीत माझ्याबरोबर कचेरीबाहेर उभा राहिला होता. दुसऱ्या हप्त्यातून प्रयोगशाळा उभी राहणार होती. मुलांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम सुरू होणार होता, त्याचे प्रवेशअर्जही छापून झाले होते.

"बायका नाही म्हणतायत, ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण नंबर आपल्याकडे आहेत."

"कुठले नंबर?"

"गेल्या वर्षी त्याच वस्तीत आपलं आरोग्य शिबिर झालं होतं ना? तेव्हा घेतलेल्या आधारच्या झेरॉक्स भांडारात पडून आहेत. खानोलकरांशी बोललो मी. ओटीपी आला नाही तर नुसता नंबर आणि सहीचा कागद चालतो, तशी सोय आहे त्यात. हजेरीपटावर त्यांच्या सह्या आहेतच."

"सर, पण त्यांनी नाही म्हटलंय."

"कुणाचं नुकसान होणार आहे यात? सरकारकडे ते नंबर आधीपासूनच आहेत. आपण फक्त सरकारचंच सरकारला देतोय."

मला नरसम्मा तंबाखू झटकून उभी राहिलेली दिसत होती.

सरांनी शिपायाला सांगून झेरॉक्सचा गठ्ठा मागवला. सुतळीने बांधलेला, धुळीचा. "बघा," ते म्हणाले. "मी तुम्हाला हुकूम देत नाही. प्रकल्प तुमचा आहे."

गठ्ठा घेऊन मी माझ्या खोलीत आले. तबस्सुम तिथे बसली होती. तिच्यासमोर चहा गार झाला होता. वडिलांचं मंडईतलं फळांचं दुकान पालिकेने रस्ता रुंद करताना काढलं, तेव्हापासून घर तिच्या पगारावर चालत होतं. तिची पीएचडीही याच प्रकल्पावर उभी होती. हे सगळं मला माहीत होतं आणि ते मला माहीत आहे हे तिला माहीत होतं.

"हे काय?" तिने गठ्ठ्याकडे बघून विचारलं.

मी सांगितलं. ती सुतळीच्या गाठीशी बोटांनी चाळा करत राहिली, पण गाठ सोडली नाही.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"माझं राहू दे, मॅडम."

"राहू कसं दे? हप्ता थांबला तर तुझा पगार थांबणार."

ती खिडकीबाहेर पाहू लागली. बाहेर मुलं दुचाक्यांवर बसून गप्पा मारत होती.

"मार्चपर्यंतचा मिळेल ना?" तिने विचारलं.

"मार्चपर्यंतचा आहे."

"मग ठीक आहे." जरा वेळाने ती म्हणाली, "परवा अंबुबाईच्या सुनेने मला विचारलं, तुम्ही आमच्या मुलाखती घेतल्या, त्या कुणाला ऐकवत नाही ना? मी म्हटलं, नाही. तिने लगेच विश्वास ठेवला. पुन्हा विचारलंसुद्धा नाही."

एवढं बोलून तिने गार चहा पिऊन टाकला आणि कप धुवायला गेली. मी तो गठ्ठा कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि अतिथीगृहाकडे निघाले. जिना चढताना गुडघा दुखत होता. त्या वर्षी मला सारखं वाटायचं की कुणीतरी येऊन म्हणावं, बाई, बस झालं, आता तुम्ही खाली बसा.

खानोलकर उशीला पाठ टेकून बसले होते. मोबाईल उघडाच होता.

"काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

"शून्यच ठेवा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "झेरॉक्सचं प्राचार्य बोलले मला."

"ते नको."

"ठीक. मलाही ते फारसं आवडलं नव्हतं." त्यांनी पाय खाली सोडले. "पण एक सरळ मार्ग आहे. माझी गाडी साडेसहाची आहे. आपण पुन्हा वस्तीत जाऊ. तुम्ही त्यांना समजावून सांगा, की हा माणूस खरा आहे, आणि हे नाही झालं तर आपलं काम बंद पडेल. तुमचं ऐकतील त्या. सकाळी पाहिलं ना मी, सगळ्या तुमच्या तोंडाकडे बघत होत्या. यात खोटं काहीच नाही. तुम्ही मागाल, त्या देतील."

"हो, देतील," मी म्हटलं.

"मग?"

मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसले. "खानोलकर साहेब, मी दमलेय," एवढंच म्हटलं.

त्यांनी मोबाईल जवळ ओढला.

"शून्य टाकलं तर पुढचं सगळं आपोआप होतं," ते म्हणाले. "माणूस मध्ये येत नाही. हप्ता थांबतो. कारण लिहायला मला एक छोटी चौकट आहे, पण ती कुणी वाचत असेल असं मला वाटत नाही. तरी सांगा, काय लिहू?"

"लिहा, की प्रशिक्षणार्थींनी ओळखीचा तपशील द्यायला नकार दिला. प्रशिक्षणात त्यांना हेच शिकवलं होतं."

त्यांनी चष्मा वर करून एक एक अक्षर शोधत ते टाइप केलं. मला वाचून दाखवलं. मग बटण दाबलं. मोबाईलवर हिरवी खूण आली: अहवाल यशस्वीरीत्या सादर झाला.

"चहा घ्याल?" मी विचारलं.

"घेऊ की," ते म्हणाले.

पुढचं सांगून टाकते, त्यात लांबवण्यासारखं काही नाही. हप्ता थांबल्याचं पत्र आलं, ते चार ओळींचं होतं. मी दोनदा दिल्लीला लिहिलं, हत्तुरे सरांनी एकदा. उत्तर आलं नाही. प्रयोगशाळेच्या खोलीत आता परीक्षेची बाकं ठेवतात. अभ्यासक्रमाचे छापलेले अर्ज मुलांनी पाठकोरे म्हणून वापरले. तबस्सुमची पीएचडी राहिली ती राहिलीच. जूनमध्ये ती हैदराबादला एका कंपनीत लागली. बँकेचे संशयास्पद व्यवहार तपासायचं काम, पगार बरा. ईदला अजून फोन करते. खानोलकरांची एकदा पुण्यात रस्त्यावर गाठ पडली. त्यांनी ओळखलं, मान हलवली, आणि आम्ही दोघंही उभ्या उभ्या आपापल्या दुखण्यांबद्दल बोललो. आता मीही निवृत्त झाले त्याला काही वर्षं झाली.

पण त्या मार्चच्या शेवटी, पत्र आल्यावर, मी आणि तबस्सुम वस्तीत सांगायला गेलो होतो, ते मात्र मला राहून राहून आठवतं.

ऊन कलतं होतं. बायका समाजमंदिराच्या पायऱ्यांवर सुपं घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं होतं की मी दोन वाक्यांत सांगून निघेन. म्हटलं, पुढच्या महिन्यापासून वर्ग होणार नाहीत. सरकारी पैसे थांबले.

"का थांबले?" अंबुबाईने विचारलं.

काहीतरी गुळमुळीत सांगता आलं असतं. पण त्यांना वर्षभर प्रश्न विचारायला आम्हीच शिकवलं होतं. मी सांगितलं. त्या दिवशी तो साहेब आला होता, त्याला तुमचे नंबर हवे होते, ते मिळाले नाहीत, म्हणून.

विड्या वळणारे हात एकेक करून थांबले. अंबुबाईचेसुद्धा.

"म्हणजे आमच्यामुळं," एकजण म्हणाली.

"तुमच्यामुळे नाही."

"मग कुणामुळं? आणि तबस्सुमताई?"

"मी दुसरं काम बघतेय," तबस्सुम म्हणाली.

नरसम्मा पायरीच्या कोपऱ्यात बसली होती. तिने सूप बाजूला ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो माझ्यावर होता.

"तो माणूस खरा होता?"

"हो. खरा होता."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग त्याच दिवशी सांगायचं की मॅडम. पुन्हा यायचं. म्हणायचं, नरसम्मा, माझ्यासाठी दे." तिचा आवाज चढला नव्हता. "मी दिला असता. ह्या सगळ्यांनी दिला असता. तुम्ही मागितल्यावर कोण नाही म्हणलं असतं?"

"कुणीच नाही," मी म्हटलं.

"मग?"

"म्हणून तर नाही आले."

ती माझ्याकडे बघत राहिली. अंबुबाई काहीतरी बोलायला गेली, तिला नरसम्माने हातानेच थांबवलं. तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं, एक पान उचललं, कात्रीने कापलं, तंबाखू भरली, विडी वळली. मग शेजारणीकडे न बघताच तेलुगूत काहीतरी म्हणाली, आणि पायऱ्यांवरच्या सगळ्या बायका हसायला लागल्या. अंबुबाई तर डोळे पुसत हसत होती. तबस्सुमही हसली. वर्षभरात तिला थोडीफार तेलुगू यायला लागली होती.

निघताना त्यांनी आम्हाला चहा पाजला. वर्गाचा विषय पुन्हा निघाला नाही.

रिक्षा वस्तीबाहेर पडली. मग मी विचारलं, "काय म्हणाली गं ती?"

तबस्सुमने जरा आढेवेढे घेतले.

"सांग की."

"म्हणाली, ही बाई कुणाला फसवणार नाही. आणि हिचं कधी भलंही होणार नाही."

"बरोबर बोलली," मी म्हटलं, आणि दुखरा पाय समोरच्या दांडीवर टाकून डोळे मिटले.